जुने पत्रे उतरवायचा खर्च कोणाच्या माथी?



खान्देशातून सुरतेला आलेल्या आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन लिंबायतमध्ये घरे उभी केली. स्लॅबला पैसा नव्हता म्हणून सिमेंटचे पत्रे घातले. उन्हाचा तडाखा अडवायला पोटमाळ्यावर कुणी थर्माकोल लावले, कुणी पोती ठोकली. आज मुले मिळवती झाली, स्लॅब टाकायची वेळ आली, आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो जुने छप्पर उतरवायचा.

लोखंडी पत्रा भंगारवाला पैसे देऊन नेतो. सिमेंटच्या पत्र्याला तो हात लावत नाही. उलट मजुरी, टेंपो आणि टाकायची जागा, सगळे आपल्याच पदरचे. मग आपण नाक्यावरून दोन मजूर आणतो आणि काम उक्ते देतो. घण घालून पत्रे फोडले, की अर्ध्या दिवसात मोकळे! तुकडे जातात खाडीच्या काठी नाहीतर गल्लीतल्या खड्ड्यात.

हे स्वस्त पडले असे आपण म्हणतो. पण या जुन्या पत्र्यांत साधारण दहावा हिस्सा अस्बेस्टॉसच्या तंतूंचा असतो. पत्रा धड आहे तोवर धोका कमी. फोडला, कापला की तंतू धुळीबरोबर उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसात रुतून बसतात आणि २० ते ४० वर्षांनी कर्करोग होऊन वर येतात. अस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५० हून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे.

अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून अस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे ठेवायला लावल्या. कारखान्यातल्या माणसाला एवढे तरी मिळाले. आपल्या घरावर चढून तोच पत्रा फोडणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवतो?

येथे आपण स्वतःलाही विचारले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांच्या चाळी आहेत, भाडेकरू आहेत. नाक्यावर उभा असलेला मजूर बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, नाहीतर आपल्याच गावाकडून परवा आलेला भाचा असेल. आपण वाचवलेले पैसे तो फुफ्फुसातून भरतो. चाळीस वर्षांपूर्वी आपले वडीलही त्याच नाक्यावर उभे होते, हे विसरू नये.

तरीही सगळा भार घरमालकावर टाकणे न्यायाचे नाही. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात सरकारी मोहिमेतच खेड्यापाड्यांत गवती छपरे जाऊन असे पत्रे आले. २००९ साली तेथे अस्बेस्टॉसवर बंदी आली आणि पुढे जुनी छपरे उतरवायला सरकारने अनुदान दिले. गरिबाने परवडले ते छप्पर घातले, यात त्याचा गुन्हा नाही, हे तेथे मान्य झाले. आपल्याकडे का होऊ नये?

लिंबायत २०१२ पासून स्वतंत्रपणे आमदार निवडून देते. मराठी मतांसाठी सगळेच पक्ष आपल्या दारी येतात. यापुढे जो येईल त्याच्यापुढे आम्ही तीन मागण्या ठेवणार आहोत. एक, महापालिकेने प्रत्येक वॉर्डात जुने पत्रे नेण्यासाठी झाकलेली गाडी आणि टाकण्यासाठी बंदिस्त जागा द्यावी. दोन, लहान घरांना उतरवणीच्या खर्चात अनुदान द्यावे. तीन, हे काम करणाऱ्या मजुरांना शिकवावे आणि योग्य मास्क पुरवावेत. तोंडाला बांधलेला रुमाल येथे कामाचा नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करू या. पत्रे आधी पाण्याने भिजवावेत, बोल्ट खोलून अख्खेच खाली घ्यावेत, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत. पोटमाळा कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. मुलाबाळांना त्या दिवशी लांब ठेवावे. काम अर्ध्या दिवसाऐवजी दोन दिवस चालेल, मजुरी जास्त जाईल. ती द्यावी. लग्नाच्या मांडवावर आपण याहून जास्त उधळतो.