किल्ल्या कुणाच्या कमरेला?

वेबसाइट करून देणाऱ्या आणि ऑनलाइन मार्केटिंग सांभाळणाऱ्या छोट्या एजन्सींना धंद्याचे धडे देणारी मंडळी हल्ली उदंड झाली आहेत. बाकी बाबतींत त्यांची तोंडं दहा दिशांना असतात, पण एका कानमंत्रावर सगळ्यांचं एकमत दिसतं: क्लायंट बांधून ठेवा. डोमेन आपल्या नावावर घ्या, होस्टिंग आपल्या सर्व्हरवर ठेवा, जाहिरातींचं खातं आपल्याच ईमेलवर उघडा, ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका. पुण्यातल्या अशाच एका वर्गात मी मागच्या रांगेत बसलो होतो. वक्ते म्हणाले, "किल्ल्या आपल्या कमरेला असल्या की क्लायंट जातोय कुठे?" हशा पिकला, आणि पंचविशीतली पोरं ते वाक्य मोबाइलमध्ये टिपून घेऊ लागली. हा लेख त्या पोरांसाठी आहे. तो कानमंत्र मी स्वतः काही वर्षं इमानेइतबारे पाळला आहे, आणि तो आपल्याच मुळावर येतो हे पाहिलं आहे.

आधी त्या वक्त्यांची बाजू नीट मांडू. पहिलं म्हणणं, पैसे बुडतात. साइट लाइव्ह झाली की शेवटचा हप्ता "पुढच्या आठवड्यात" जातो आणि तो आठवडा काही उजाडत नाही. दुसरं, मालकाला यातलं कळत नाही. पासवर्ड दिला की तो दुकानातल्या मुलाला देतो, मुलगा एखादं प्लगइन उडवतो आणि रात्री अकराला फोन आपल्याला. तिसरं, दर महिन्याला पगार करायचे असतात. रिन्युअल-होस्टिंगचं ठरलेलं उत्पन्न नसेल तर दोन कोरड्या महिन्यांत एजन्सीला कुलूप लागेल. आणि चौथं, प्रत्येक क्लायंटचा एक भाचा नुकताच इंजिनिअर झालेला असतो, तो "मामा, मी फुकट करतो" म्हणतो. यातलं एकही गाऱ्हाणं खोटं नाही. दुखणं खरंच आहे, माझा वाद औषधाशी आहे.

डोमेन म्हणजे त्या धंद्याचा सातबारा. घर बांधणाऱ्या कंत्राटदाराने "कागदपत्रांची कटकट तुम्हाला कशाला" म्हणत जमीनच स्वतःच्या नावावर चढवून घेतली, तर गावात त्याला काय म्हणतील ते इथे लिहिण्याजोगं नाही. आपल्या धंद्यात मात्र त्याला "फुल सर्व्हिस" म्हणतात.

माझ्या रिसेलर खात्यात एके काळी साठेक डोमेनं होती, सगळी माझ्या नावावर. त्यातलं एक देवगडच्या एका हापूस बागायतदारांचं. त्यांनी हौसेने पेट्यांवर साइटचा पत्ता छापून घेतला होता. एका एप्रिलमध्ये माझ्या खात्यात आगाऊ भरलेले पैसे संपले आणि त्यांच्या डोमेनचं रिन्युअल अडकलं. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर, अशा दोन सूचना पाठवणं नोंदणी कंपनीवर बंधनकारक असतं. तशा त्या आल्याही. पण सूचना नोंदणीधारकाला येतात, म्हणजे मला, आणि माझ्या त्या मेलबॉक्समध्ये साठ डोमेनांच्या सूचनांचा उकिरडा झाला होता. मुंबईतलं गिऱ्हाईक पेटीवरचा पत्ता टाइप करी आणि समोर कर्जाच्या जाहिरातींचं पान उघडे. त्याच डोमेनवर चालणारे ईमेलही बंद. चौथ्या दिवशी बागायतदारांचा फोन आला: "अहो, इकडे पेट्या भरून ठेवल्यात, आणि साइटवर हे काय भलतंच दिसतंय?" डोमेन अजून सवलतीच्या मुदतीत होतं म्हणून पैसे भरताच परत मिळालं. पण हापूसचा जोराचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि त्यातले चार दिवस मी खाल्ले होते.

"मालकाला कळत नाही" या मुद्द्याला माझं उत्तर इथे आहे. ते डोमेन त्यांच्या नावावर असतं तर त्या दोन्ही सूचना त्यांच्या नजरेतून सुटल्या नसत्या. साठ डोमेनांचा राखणदार झोपला, कारण त्यातलं एकही शेत त्याचं नव्हतं. दुकानातल्या मुलाने प्लगइन उडवण्याची भीती असेल तर त्यावर साधा उपाय आहे. वर्डप्रेसमध्ये ॲडमिन वेगळा आणि एडिटर वेगळा. एडिटरला मजकूर-फोटो बदलता येतात, प्लगइनला हात लावता येत नाही. रोजच्या कामाला एडिटरचं लॉगिन द्या आणि ॲडमिनचं मालकाच्या हाती बंद पाकिटात सोपवा. पाकीट बहुधा कपाटातच राहतं, पण ते कपाट मालकाचं असतं. "आमच्या सिस्टिमवर आहे, हलवता येणार नाही" ही तर निव्वळ थाप. ती सिस्टिम बहुतेक वेळा वर्डप्रेसच निघते, म्हणजे २००३ पासून खुल्या परवान्यावर सगळ्या जगाला फुकट मिळणारी.

आता बुडणाऱ्या पैशांचं. डोमेन ओलीस धरल्याने वसुली होते असं मानणाऱ्यांनी जरा आठवून पाहावं, साइट बंद केल्यावर आलेले पैसे जास्त की झालेली बदनामी? वसुलीची सरळ साधनं हाताशी असताना हे करावंच का? एक, काम आधी आपल्या चाचणी-सर्व्हरवर दाखवावं आणि शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच मालकाच्या होस्टिंगवर चढवावं. दोन, उद्यम नोंदणी करून घ्यावी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत चुकवावं लागतं, हे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तीन, कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या एजन्सीने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क सहसा एजन्सीचाच असतो, आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. मग करारातच लिहावं, की शेवटचा हप्ता मिळाला की हक्क क्लायंटचा. त्यात मुदत आणि प्रदेशही लिहावा, नाहीतर कायदा ते हस्तांतरण पाच वर्षांचं आणि भारतापुरतंच धरतो. जे आपलं आहे ते पैसे मिळेपर्यंत राखणं हा व्यवहार झाला. दुसऱ्याचं नाव दाबून बसणं ही अडवणूक.

जाहिरातींच्या खात्यात हा घोळ जास्त महागात पडतो, कारण तिथे नुसता पत्ता नाही, अनुभवच जातो. कुठल्या शब्दावर ऑर्डर आली, कुठल्या शब्दावर पैसे वाहून गेले, हे सगळं खात्यात साठत जातं. खातं एजन्सीचं असेल तर क्लायंट निघाला की त्याच्या पैशांनी शिकलेलं शहाणपण आपल्याकडे राहतं आणि तो पुन्हा श्रीगणेशा करतो. गूगलने यासाठीच मॅनेजर खात्याची सोय ठेवली आहे: खातं क्लायंटचं, कारभार आपला. एजन्सींसाठीच्या त्यांच्या नियमांत तर खर्च, क्लिक आणि जाहिरात किती वेळा दिसली याचे आकडे क्लायंटला निदान महिन्याला एकदा दाखवावेत, असं स्पष्ट आहे. नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलचंही तसंच. तिथे जमलेले अभिप्राय ही हॉटेलवाल्याची वर्षानुवर्षांची कमाई. आपण मॅनेजर राहावं, ओनर त्याला राहू द्यावं.

राहिला पगारांचा आणि भाच्याचा प्रश्न. ठरलेलं उत्पन्न हवंच, पण ते राखणीचं नको, कामाचं हवं. एएमसीच्या बिलावर "डोमेन, होस्टिंग, मेंटेनन्स" असं मोघम लिहून हजार-बाराशेच्या डोमेनचे पाच हजार लावणं बंद करावं. त्याऐवजी लिहावं: दर महिन्याला बॅकअप घेतला आणि तो उघडून पाहिला, अपडेट केले, संपर्क फॉर्म भरून मेल पोचतो का ते तपासलं, या महिन्यात साइटवरून इतके फोन आले. भाचा हे पहिले दोन महिने करील. तिसऱ्या महिन्यात त्याला नोकरी लागेल.

बांधून ठेवण्याचा सगळ्यात मोठा तोटा आपल्यालाच होतो. ज्याला जाता येत नाही तो क्लायंट तक्रार करत नाही, मनात चडफडतो. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा मापदंड. आपलं पान मोबाइलवर आठ सेकंद घेत असेल तर ते सांगणार कोण? बांधलेल्या गिऱ्हाइकांवर पोसलेली एजन्सी हळूहळू मठ्ठ होते. मी झालो होतो.

ज्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी ते खुशाल भाड्याने द्यावं, माझी हरकत नाही. मात्र भाड्याचं ते भाड्याचं म्हणून पहिल्या दिवशी सांगावं. बाकीच्यांनी काम संपताना एक पान हातात द्यावं: डोमेन कुठे नोंदलंय आणि मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे आहे, जाहिरात-खात्याचा क्रमांक काय, आणि उद्या दुसऱ्याकडे जायचं झालं तर काय करायचं. शेवटची ओळ लिहिताना हात थांबतो. तरीही लिहावी.

त्या बागायतदारांचं डोमेन त्यांच्या नावावर करून दिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. साइटची एएमसी अजून माझ्याकडेच आहे. रिन्युअलची सूचना त्यांना जाते, ते स्वतः पैसे भरतात आणि पावतीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, खाली एक ओळ: "भरले. यंदा तुम्ही निवांत झोपा."