छंद : स्वयंपाक, गृहसजावट, प्रवास

माझा लग्नाचा बायोडेटा मावशीनं अकोल्यात बसून तयार केला. उंची, रक्तगट, रास, शिक्षण, नोकरी, पगार, मामेकुळ असं सगळं रीतसर भरून झालं आणि शेवटी एक रकाना उरला. छंद. तो भरताना तिनं मला विचारलं नाही. लिहून मोकळी झाली : 'स्वयंपाक, गृहसजावट, कुटुंबासह प्रवास'.

मी अमरावतीला इंजिनिअरिंग केलं आणि सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतेय. मला रात्री बुद्धिबळाचे जुने डाव मांडून बघायला आवडतं. हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "ते नोको लिहू. पाहुण्यायले वाटीन, पोरगी रातभर जागते."

त्याच फाइलवरून माझ्या धाकट्या भावाचाही बायोडेटा निघाला. नाव, तारीख, फोटो बदलला. छंदाच्या रकान्यात 'क्रिकेट, प्रवास'. म्हणजे प्रवास आम्हा दोघांत सामाईक आहे, फक्त त्याच्या प्रवासाला 'कुटुंबासह' जोडलेलं नाही. तो मित्रांबरोबर मोटारसायकलवर चिखलदऱ्याला जातो, पंचबोल पॉइंटवर फोटो काढतो, तिथली कॉफी पितो आणि रात्री परत येतो. आम्ही घरचे सगळे चिखलदऱ्याला जातो तेव्हा आई आणि मी पहाटे चारला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळतो, चटणीच्या डब्याचं झाकण फडक्यानं बांधतो, आणि गाडी थांबली की दरीकडे पाठ करून सगळ्यांची ताटं वाढतो. दोन्हींना प्रवास म्हणायचं असेल तर म्हणा. पण दोन्हींना छंद म्हणू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला 'आज नको' म्हणता येतं तो छंद. ज्याला म्हणता येत नाही ते काम. मावशीनं त्या रकान्यात माझे छंद लिहिले नाहीत, माझ्याकडून अपेक्षित असलेली कामं लिहिली. आणि एकदा कामाला छंद म्हटलं की त्याचा हिशेब मागायची सोय राहत नाही. आवडीनं करतेस ना, मग तक्रार कसली?

आईला बायोडेटा दाखवला तेव्हा ती हसली. "माह्या वेळेस छंद-बिंद नव्हते लिहीत," ती म्हणाली. "एकच शब्द राहे. गृहकृत्यदक्ष."

आपल्याकडच्या वधू-वर जाहिरातींतला हा जुना शब्द. मला तो आजवर विनोदी वाटायचा. आता वाटतं, तो शब्द निदान खरं बोलत होता. घरात कामं आहेत, ती दक्षतेनं करणारी बाई हवी आहे, एवढा सरळ मामला. आज तो शब्द लिहायची सगळ्यांना लाज वाटते. मुलगी पगार आणते, तिला गृहकृत्यदक्ष कसं म्हणायचं? म्हणून शब्द बदलला. कृत्याचा छंद झाला. पहाटे चारच्या पुऱ्या मात्र बदलल्या नाहीत.

ज्यांना हे माझ्या घरापुरतं वाटत असेल त्यांच्यासाठी आकडे देते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळ-वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस कशात जातो याची त्यात नोंद आहे. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. दोनशे नव्व्याण्णव मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. रोज पाच तास बुद्धिबळ खेळणाऱ्याला आपण छांदिष्ट म्हणणार नाही, व्यावसायिक म्हणू आणि त्याचं मानधन विचारू.

आता ही शब्दांची अदलाबदल एकट्या मावशीची राहिलेली नाही. तिच्यामागे मोठा बाजार उभा आहे. रोजच्या जगण्यात सर्जनशील व्हा, घर म्हणजे तुमची कलाकृती, ताट म्हणजे कॅनव्हास. सकाळी उठून मोबाइल उघडला की कुणी जुन्या बाटल्यांना सुतळी गुंडाळत असतं, कुणी डब्यात पराठ्यांची फुलं करून भरत असतं, कुणी प्रवासाला निघताना सगळ्यांच्या कपड्यांचे रंग जुळवत असतं. पूर्वी स्वयंपाक करावा लागायचा. आता तो सुंदर करावा लागतो, सुंदर दिसावा लागतो आणि तो करताना आपण आनंदात आहोत हेही दिसावं लागतं. एका कामाची तीन कामं झाली, आणि नाव मिळालं सर्जनशीलता.

यात मीही कमी नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी आईसाठी एकसारख्या पांढऱ्या बरण्यांचा संच मागवला. तिच्या मांडणीवर डालड्याचे जुने डबे, बिस्किटांचे डबे, कुणीतरी अहेरात दिलेले स्टीलचे डबे अशी खिचडी होती. ती मला डोळ्यांना खुपायची. मी एका दुपारात सगळं बदललं, फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला. पुढचा महिनाभर आईला तुरीची डाळ सापडेना. कोणत्या डब्याला कुठे पोचा आहे, कोणत्याचं झाकण घट्ट बसतं, कोणता उचलल्यावर किती जड लागला की डाळ संपत आली, हे तिच्या हातांना माहीत होतं. मी ते ज्ञान भंगारात दिलं आणि त्याला सजावट म्हटलं. त्याच सुमारास ती मोबाइलवर कुणाचं तरी स्वयंपाकघर बघत बसली होती. म्हणाली, "आपला ओटा असा काऊन नाही दिसत वं?" तीसहून जास्त वर्षं त्या ओट्यावर पाच-सहा माणसांचं दोन वेळचं जेवण शिजवलेल्या बाईला तो ओटा कुरूप वाटायला लागला होता. मला राग आला, आणि त्यातला अर्धा माझ्यावरचा होता.

याला उत्तर म्हणून काही लोक परंपरा पुढे करतात. त्यांचं म्हणणं, हे मोबाइलवालं सोडा, आपल्या आज्या-पणज्यांचं जगणंच सर्जनशील होतं. महालक्ष्म्यांची आरास बघा, भुलाबाईचा मखर बघा, उन्हाळ्यातले सरगुंडे बघा. बघितलेत. कणकेची बारीक वळी काडीला गुंडाळून, वाळवून, मग काडी ओढून काढायची. तेलाचा हात लावलेल्या बायका ओळीनं बसलेल्या, गप्पा चाललेल्या, काड्या फिरताहेत. आंब्याच्या रसाबरोबर सरगुंडे खाल्लेल्या माणसाला त्यातली कारागिरी वेगळी सांगावी लागत नाही. मी ती नाकारत नाही.

पण हे सगळं घडायचं कधी? एप्रिल-मे महिन्यात, अकोल्यात. जिथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आमच्या घरात एकच कूलर होता आणि त्याचं तोंड बैठकीच्या खोलीकडे होतं. तिथे आजोबा, बाबा आणि दुपारचे पाहुणे असायचे. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना पंखासुद्धा लावता यायचा नाही, ज्योत विझते म्हणून. परंपरेतल्या सर्जनशीलतेचं कौतुक करणारे सगळे कूलरसमोर बसून बोलत आलेत. सरगुंड्यांवर लेख लिहा, जरूर लिहा. त्यात कूलरचं तोंड कुठे होतं तेही लिहा.

मग सर्जनशील म्हणायचं तरी कशाला? ते मला एका ठिकाणी नीट दिसलं. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. लोक राहुट्या ठोकतात, मातीच्या हंडीत मटण शिजवतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात. प्रवास, घर मांडणं आणि स्वयंपाक, माझ्या बायोडेट्यातले तिन्ही छंद एका जागी. आम्हीही एका वर्षी गेलो. तिथे हंडीचा ताबा बाबा, मामा आणि भावाकडे होता. रोडगे एका बाजूनं कोळसा झाले, दुसऱ्या बाजूनं कच्चे राहिले. मटणात तिखट इतकं की सगळ्यांच्या नाकातून पाणी. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. तुपात बुडवून, बोटं चाटून खाल्लं. मामा दोन तास सांगत होते, निखारा कसा ओळखावा, घाई कशी करू नये. ती हंडी आमच्या घरात आजही गोष्टीसारखी सांगतात. त्याच बाबांनी आठवड्यापूर्वी वरणात मीठ जास्त झालं म्हणून ताट सारलं होतं. कणीक कुणी भिजवली आणि राखेनं भांडी कुणी घासली, हे त्या गोष्टीत नाही.

मी पुरुषांच्या त्या स्वयंपाकाची थट्टा करत नाहीये. तो खरोखर आनंदाचा होता. मला एवढंच म्हणायचं आहे की त्यांना तीन गोष्टी मिळाल्या होत्या : दिवस त्यांनी निवडला, चुकायची मुभा होती, आणि नंतरचं आवरणं त्यांच्याकडे नव्हतं. या तीन गोष्टी दिल्या तर वरणभातही कलेसारखा होतो. त्या काढून घेतल्या तर सोळा भाज्यांचा नैवेद्यही ड्युटी होते.

त्या दुपारी हंडी शिजत होती तेवढा वेळ आई मोकळी होती. तिनं शेजारच्या राहुटीतल्या पोरासाठी ज्वारीच्या धांड्यांची बंडी करायला घेतली. एक चाक मोठं झालं, एक लहान. बंडी कलंडायला लागली तशी ती एकटीच हसली आणि मोडून पुन्हा करायला बसली. मी अठ्ठावीस वर्षांत तिला काही बिघडलं म्हणून हसताना पहिल्यांदा बघत होते. घरी काही बिघडलं की तिचा चेहरा दाराकडे वळतो.

माझ्या धंद्यात चूक गृहीत धरलेली असते. आम्ही कोड लिहितो, तो मोडतो, चुकीची नोंद होते, ती दुरुस्त करायला वेगळे दिवस ठरवून दिलेले असतात आणि त्या दिवसांचाही पगार मिळतो. जुनी प्रत जपून ठेवलेली असते, त्यामुळे नवीन काही करून बघायची भीती नसते. मला सर्जनशील म्हणतात ते या व्यवस्थेमुळे. माझ्या आईकडे माझ्यापेक्षा जास्त कसब आहे, पण तिच्या हातून बिघडलेल्या भाजीला दुसरा दिवस नाही. ती तीस वर्षं तीच चव जपते आणि आपण 'हाताला चव आहे' म्हणून तिला गौरवतो. नवीन काही करून बघायला हिंमत लागते, आणि ताट सारलं जाण्याची भीती असलेल्या घरात ती हिंमत महाग पडते.

"पण बायकांना आवडतं ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आवडतं. मलाही पाटवडीचा रस्सा करायला आवडतो. नोकरीही आवडते, म्हणून कुणी माझा पगार छंदात जमा करत नाही. आवड आणि सक्ती एकाच कामात असू शकतात. आवडीकडे बोट दाखवून सक्ती झाकणं, हा चावटपणा आहे.

वऱ्हाडच्या मातीत हे पहिल्यांदा कुणी बोलतंय असंही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवत होती. ताराबाईंनी पुरुषांचे दोष त्याच तराजूत घातले. पुढे महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं विस्मरणात गेलं. मी ताराबाईंच्या पासंगालाही पुरणार नाही. पण तराजू एकच असावा, ही त्यांची मागणी छंदाच्या रकान्यालाही लागू आहे.

म्हणून माझी सूचना अशी. बायोडेट्यात दोन रकाने करा, मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही. एक, 'घरकाम : काय काय येतं'. दुसरा, 'छंद : काय करायला आवडतं आणि कधीही सोडता येतं'. पहिला रकाना रिकामा असलेल्या मुलाला नोकरीत बढती मिळत असली तरी तो अपुरा उमेदवार समजावा. दुसरा रकाना रिकामा असलेल्या मुलीच्या आईबापांना विचारावं, हिचा वेळ गेला कुठे?

गेल्या महिन्यात एक स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी कागद बघून विचारलं, "स्वयंपाकाचा छंद आहे म्हणता. रोज करता का?" मी म्हटलं, "रोज केला असता तर छंद कशाला लिहिला असता?" पोहे संपायच्या आत मंडळी उठली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मावशीचा फोन आला तो मी उचलला नाही. आई रात्री खोलीत आली, दिवा मालवताना म्हणाली, "पोहे बाकी भावानं केल्ते, ते सांगाचं राहिलं."

तेव्हापासून भावाचा बायोडेटा माझ्या लॅपटॉपवर आहे. त्यात मी नवीन रकाना टाकलाय : 'घरकाम : कांदेपोहे, वरणभात. पोळ्या शिकतो आहे.' बाबांनी छापील कागदावर ती ओळ पेनानं खोडली. मी पुन्हा प्रिंट काढली. ती सध्या फ्रिजवर आहे, आणि या आठवड्यात त्याची चौथी पोळी नकाशासारखी का होईना, फुगली.