घसा नव्हे, गळा दुखतोय

आपल्या बोलीत या एका अवयवाला तीन शब्द आहेत. मागून दुखली तर मान, आतून दुखला तर घसा, आणि पुढून, बाहेरच्या अंगानं दुखला तर गळा. दवाखान्यात गेलं की मात्र तिन्हींचा 'घसा' होतो. बाई म्हणते दुखतंय, समोरून चिठ्ठी येते, चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी. पाच दिवस बरं वाटतं, सहाव्या दिवशी पुन्हा तेच. कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे या बाजूच्या वस्त्यांत फिरते तेव्हा चार-चार, सहा-सहा महिने असा गळा घेऊन रोजानं जाणाऱ्या बाया भेटतात. 'डॉक्टरांनी गळ्याला हात लावून पाहिलं का?' असं विचारलं की त्या माझ्याकडेच नवलानं बघतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की गळ्याला हात लावल्याशिवाय गळ्याचं निदान होत नाही. आणि 'हात लावून बघा' असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९२९ सालची काठेवाडची हकिकत नोंदवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, तिला बाहेर आणावं लागलं. थर्मामीटर त्यानं दुसऱ्या माणसाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला, आणि तसंच ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात आकडा बघून डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला. ती बाई वाचली नाही. आज आपल्याकडे हात न लावण्याचं कारण बहुतेक वेळा गर्दी असतं, हे मी नाकारत नाही. मी स्वतः अशा गर्दीत नोकरी केली आहे. पण न तपासता दिलेलं औषध मुकाट्यानं घेऊन येण्याची आपली सवय त्या जुन्या काळातली आहे, ती सोडायला हवी.

आता दुखण्याकडे वळू. आधी एका बोटानं जागा दाखवा. 'सगळंच दुखतंय' म्हटलं की सगळ्यावरचं औषध मिळतं.

कानामागून निघून गळ्याच्या बाजूनं पुढं हाडापर्यंत उतरणारा एक जाड स्नायू असतो. मान वळवली की तो दोरीसारखा उठून दिसतो. तो हलकेच चिमटीत धरल्यावर 'हेच ते दुखणं' असं वाटलं, तर बहुधा तो ताणलेला आहे. आपल्या बायांमध्ये हे फार. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी किंवा वैरणीचा भारा, आणि तोल सांभाळायला गळ्याचे स्नायू तासन्‌तास आवळलेले. पोरांमध्ये हेच मोबाइलमध्ये मान घालून होतं. याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. भारा लहान करून दोन खेपा करा, कोमट शेक घ्या, मान हळूहळू चारी बाजूंना फिरवा. काही आठवडे तरी लागतात. गळ्याच्या पुढून जोरात चोळू नका, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणंही बंद करा. त्यात रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

दुखणं अगदी मधोमध, गळ्याच्या खळगीच्या जरा वर असेल तर थायरॉइडकडे बघायला हवं. आरशासमोर उभं राहून हनुवटी वर करा आणि पाण्याचा घोट गिळा. गिळताना गाठ किंवा सूज वर सरकत असेल तर ती बहुधा थायरॉइडची. साधी थायरॉइडची सूज सहसा दुखत नाही. पण सर्दी-तापाच्या साथीनंतर काही आठवड्यांनी या ग्रंथीला दाह होतो, तेव्हा ती हात लावू देत नाही. कळ जबड्यापर्यंत, कानापर्यंत जाते, बारीक ताप येतो, छाती धडधडते, घाम सुटतो. हेच दुखणं 'घसा' म्हणून सर्वांत जास्त फसवतं. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात, कानाचे थेंब होतात, कुणी दाढ काढायलाही सांगतं. खरं तर बोटांनी चाचपणं, रक्ताच्या टीएसएच आणि ईएसआर या तपासण्या, आणि गरज पडली तर सोनोग्राफी, एवढ्यात ते कळतं. उपचार म्हणजे दाह कमी करणारी गोळी. तिनं भागलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे स्टेरॉइड. ऑपरेशन लागत नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत पूर्ण बरं होतं. काहींची ग्रंथी पुढे मंदावते, म्हणून बरं वाटल्यावरही पुन्हा रक्त तपासायचं.

मग पित्त. उपाशीपोटी काळा चहा, रात्री उशिरा तिखट खाऊन लगेच आडवं होणं, यानं आम्ल वर येतं आणि गळ्यात जळजळ, काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, सकाळी आवाज बसणं सुरू होतं. त्यावर दुखण्याची गोळी घेतली की पित्त आणखी वाढतं, दुखणंही वाढतं, आणि आपण पुन्हा तीच गोळी मागतो. कामाच्या हंगामात रोज अशी गोळी खाऊन उसात उतरणाऱ्या कितीतरी जणी आहेत. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही त्यात जातात.

जबड्याखाली किंवा गळ्याच्या बाजूला हळूहळू वाढणारी गाठ, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन, ही गंडमाळ असू शकते. ती करणी नव्हे, टीबी आहे. गंडा-दोरा बांधून गंडमाळ जात नाही. गाठीतून सुईनं पाणी काढून तपासतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, साधारण सहा महिने न चुकवता घ्यायचं. टीबी फक्त गाठीत असेल तर तो घरातल्यांना लागत नाही. सुनेचं ताट वेगळं करण्याची काहीही गरज नाही.

मिश्रीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो चोरून का होईना विकला जातो आणि त्यावर बोललं तरी जातं. मिश्रीचा डबा मात्र घरोघरी फळीवर असतो आणि सासू-सून दोघी त्यातून घेतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. तीन आठवडे झाले तरी न सुटलेला घोगरेपणा, गिळताना एका बाजूला कळ आणि ती कानात जाणं, तोंडात न भरणारी जखम, गळ्यात टणक गाठ: यांपैकी एक जरी असेल तर गोळ्या बदलत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आतून दुर्बिणीनं बघून घ्या. ती सोय मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आहे. एक रोज बुडेल, बुडू द्या.

दोन गोष्टींना थांबायला वेळच नाही. भारा घेऊन चढ चढताना गळा-जबडा आवळतो आणि टेकलं की थांबतो, तर ते हृदयाचं असू शकतं. त्याच दिवशी ईसीजी काढा. बसूनही थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. आणि तापाबरोबर तोंड उघडेना, लाळ गिळवेना, श्वासाला आवाज येऊ लागला, तर रात्र असली तरी निघा.

पैशाची भीती अनेकांना घरीच बसवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, ग्रामीण रुग्णालयंही त्यात आली. वैद्यकीय महाविद्यालयांचं खातं वेगळं, तिथं थोडं शुल्क पडू शकतं. मोठं ऑपरेशन किंवा कॅन्सरचे उपचार निघाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण विहारात आरोग्य शिबिरं घेतो. बीपी, शुगर, चष्मे, रक्तदान, सगळं होतं. त्यात एक टेबल वाढवायला खर्च जवळजवळ नाही: एक डॉक्टर, एक टॉर्च, एक आरसा, पाण्याचा तांब्या-पेला, आणि बायांसाठी आडपडदा. तोंड उघडून बघायचं, गळा चाचपायचा, घोट गिळायला लावायचा, मिश्री किती वर्षं लावता ते विचारायचं. ज्यांना पुढं पाठवायचं त्यांची नावं वहीत लिहून महिन्याभरानं महिला मंडळानं घरी जाऊन विचारायचं की गेलात का. नाही गेल्या तर पुढच्या एसटीला कुणीतरी बरोबर जायचं.