न घेतलेला अंक

सुपरहिरोंची मासिक कॉमिक्स वर्षानुवर्षे विकत घेणाऱ्या अमेरिकन वाचकाने ती घेणे थांबविले, तर त्या घटनेची वासलात लावण्याच्या दोन सोयीस्कर रीती अभ्यासकांत रूढ आहेत. ‘वाचक वयात आला’ असे म्हणून मोकळे व्हावयाचे, ही एक; ‘ग्राहक कंटाळला’ असे म्हणून प्रश्न विक्रीच्या तक्त्यांकडे सोपवावयाचा, ही दुसरी. पहिलीत वाङ्मयप्रकाराविषयीची तुच्छता दडलेली आहे, दुसरीत वाचकाविषयीची. अंक घेणे थांबविणे ही वाचनाचीच एक कृती असू शकते, किंबहुना या प्रकारात संहितेला शेवट देण्याची शक्यता केवळ त्याच कृतीत उरलेली आहे, हे मात्र मनावर घेतले जात नाही.

सुपरमॅनविषयीचा उम्बेर्तो इको यांचा निबंध १९६२ सालचा. मिथकाचा नायक अचल असतो, कादंबरीचा नायक काळात झिजतो. सुपरमॅनला दोन्ही व्हावे लागते, म्हणून त्याच्या कथांतील काळ धूसर ठेवला जातो आणि प्रत्येक गोष्ट जणू नव्याने आरंभ पावते, हे इकोंचे विवेचन आजही मार्मिक वाटते. पण ते ज्या कथांवर उभे आहे, त्या बहुधा स्वयंपूर्ण होत्या. त्या वाचणे सोडले तरी मागे काही अर्धवट राहत नव्हते. १९६०च्या दशकात मार्व्हलने अंकांना स्मृती दिली. मागे घडलेले पुढे आठवले जाऊ लागले. १९७३ साली ग्वेन स्टेसी मेली, तेव्हा हे मरण खरे आहे असे मानण्यास स्पायडर-मॅनच्या वाचकाला आधार होता. येथून पुढे दरमहा अंक घेणे ही नुसती आवड राहिली नाही. तो एक अलिखित करार झाला. वाचकाने महिन्याच्या महिन्याला यावयाचे आणि प्रकाशकाने घडलेले ते घडले असे मानावयाचे.

हा करार कोणी मोडला, याविषयी संदिग्धता नाही. डीसीने नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनला मारले आणि १९९३ सरण्यापूर्वी परत आणले. मार्व्हलचा कॅप्टन अमेरिका २००७ साली मेला, २००९ मध्ये परतला. बॅरी ॲलन हा फ्लॅश १९८५ पासून तब्बल २३ वर्षे मेलेला राहिला (या व्यवसायात हा दीर्घायुषी मृत्यूच म्हणावयाचा), पण २००८ मध्ये तोही उठला. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने ५२ मालिका पहिल्या क्रमांकापासून सुरू केल्या. १९३८ पासून चालत आलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’चा ९०४ नंतरचा अंक १ झाला, २०१६ साली जुनी मोजणी पुन्हा आठवली आणि ५२ नंतरचा अंक ९५७ झाला. अंकाचा क्रमांक हा क्रमशः प्रकाशनाचा कणा. तोही स्मृतीची खूण न राहता जाहिरातीची पाटी झाला. या मोहाची चव व्यवसायाला १९९१ सालीच लागली होती. ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या, पाच मुखपृष्ठांनिशी, सुमारे ८० लाख प्रती विकल्या गेल्या त्या दुकानदारांना, त्या सगळ्या वाचकांपर्यंत पोहोचल्या नाहीत.

अशा वेळी जो वाचक थांबतो, तो पुनरावृत्तीला विटून थांबत नाही. पुनरावृत्ती त्याला मान्यच होती. स्मृती रद्द केली जाते, ही त्याची तक्रार आहे, आणि ती आकृतिबंधाविषयीची तक्रार आहे. वाचकाची प्रतिष्ठा वाढविल्याचा दावा करणाऱ्या सिद्धान्तनाला ती ऐकू का येत नाही? इझर यांच्या वाचकमीमांसेत दोन हप्त्यांमधील खंड वाचकाच्या कल्पनेला चालना देतो. पण त्या खंडातून वाचक परत येणार, हे तेथे गृहीतच आहे. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ सालच्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’मधील चाहता परक्या संहितेत शिरून अर्थ लुटून नेतो, स्वतःच्या कथा रचतो, तोही निष्ठावंतच आहे. त्याची बंडखोरी साजरी करताना मालकाचे काही बिघडत नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. सर्व प्रकारचा सक्रिय वाचक या मांडणीत सामावतो, फक्त उठून जाणारा तेवढा सामावत नाही.

वीस-बावीस पानांना ३.९९ डॉलर मोजणे परवडत नाही म्हणूनही लोक थांबतात, हे खरे. पण किंमत आणि मूल्य यांचा हिशेब वाचक एकाच वहीत करतो. संग्रहित आवृत्ती घेऊन वाचन चालू ठेवता येते, हा युक्तिवाद अधिक पोकळ आहे. महिन्याची प्रतीक्षा काढून घेतली की करारही उरत नाही. उरते ते एक पुस्तक. मराठीत वेताळ घेऊन येणारी इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली प्रकाशकानेच बंद केली. तेथे शेवट वरून आला. सुपरमॅनच्या वाचकाला तसा शेवट कोणी देणार नाही. तो त्याला स्वतःच करावा लागतो.

आणि तो करणे सोपेही नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी फिल सूलिंग यांनी थेट विक्रीची जी पद्धत रुजविली, तीत दुकानदाराला न खपलेले अंक परत करता येत नाहीत. मागणी सुमारे दोन महिने आधी नोंदवावी लागे. म्हणजे पहिला अंक वाचून होण्यापूर्वीच तिसऱ्याची मागणी गेलेली असे. वाचकाच्या नावाने बाजूला ठेवलेले अंक त्याने नाकारले, तर भुर्दंड प्रकाशकाला नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. म्हणून भिडस्त वाचक निर्णय झाल्यावरही नोंदविलेले अंक निमूटपणे घेऊन जातो आणि बहुधा वाचतोही. करार मनातून संपलेला असताना, पुढे काय होणार याची ओढ नसताना, केवळ दुकानदाराच्या भिडेखातर वाचलेले ते दोन-तीन अंक.