विषाणूच्या हातीं निरोप

पुणें-नगर रस्त्यावरील सुपा येथून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें आहे. त्यांच्या तेवीस वर्षांच्या पुतण्यास बी-पेशींचा लिंफोमा असून औषधांचे क्रम पुरे होऊनही रोग उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनीं आतां कार-टी उपचार सुचविला आहे. परंतु त्यांत एड्सचा विषाणु वापरतात, असें कोणीं तरी सांगितल्यापासून घरांत दोन तट पडले आहेत. ज्याचें नांव माजघरांत घेऊं नये, तें पोराच्या रक्तांत घालावयाचें काय, असें वर्गणीदारांच्या मातुश्री विचारतात. आम्हांस हा प्रश्न हंसण्यासारखा वाटत नाहीं.

विषाणु म्हणजे कवचांत गुंडाळलेला जनुकांचा निरोप. परक्या पेशींत शिरून तिच्याकडून तो वाचवून घेणें, एवढीच त्याची विद्या. आणि शास्त्रज्ञांनीं तेवढीच उसनी घेतली आहे. एच.आय.व्ही.चीं रोग माजविणारीं जनुकें त्यांनीं काढून टाकलीं. कवच घडविण्यापुरतीं जीं लागतात तीं डीएनएच्या निरनिराळ्या तुकड्यांवर वांटलीं. हे तुकडे प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मानवी पेशींत एकत्र घातले म्हणजे कवच तयार होतें, पण आंत भरला जातो तो शास्त्रज्ञांनीं लिहिलेला निरोप. तो नव्या पेशीच्या गुणसूत्रांत कायमचा शिवला जातो. विषाणूचा वंश मात्र तेथेंच खुंटतो. एखादें मानवी जनुक काय काम करतें हें पाहण्यासाठीं ही रीत जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याची झाली आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.चे राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह हीच रीत रोग्यापर्यंत नेली. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-19 ही बी-पेशींवरील खूण ओळखण्यास शिकवितात. ओळखणारा भाग मूळचा उंदराचा, तो त्यांनीं मानवी वळणाचा केला. आंतून इशारा देणारे भाग मानवी जनुकांचेच आहेत. पहिल्या रोग्यास 2021 मध्यें हा उपचार मिळाला, ऑक्टोबर 2023 मध्यें सरकारी मान्यता आली. परदेशीं कोट्यवधींचा खर्च येथें आरंभीं सुमारें 40 लाखांवर आला. तोहि सुप्याच्या शेतीवाडीच्या घरास थोडा नव्हे!

मातुश्रींना सांगावें कीं विषाणु मुलास टोंचीत नाहींत. पेशी बाहेरच बदलून, धुऊन, वाढवून परत देतात. घरांतील कोणास बाधा नाहीं. मुलानें पंक्तीस बसावें. मात्र पुढें कधीं एच.आय.व्ही.ची जनुकतपासणी झाली, तर हा शिवलेला निरोपच दिसून ती खोटी होकारार्थी येऊं शकते. म्हणून उपचाराचा दाखला जवळ ठेवावा, नाहीं तर नसता गहजब होईल.

खरें भय निराळें आहे. निरोप भलत्या जागीं शिवला गेला तर पेशी बिघडूं शकते. फ्रान्समध्यें 2002 च्या सुमारास दुसऱ्या जातीच्या विषाणुवाहकानें उपचार झालेल्या कांहीं बालकांस रक्ताचा कर्करोग झाला. कार-टीनंतर क्वचित् टी-पेशींचा कर्करोग उद्भवतो, अशी सूचना अमेरिकन सरकारनें 2024 मध्यें औषधांवर छापावयास लावली. आरंभींचा तीव्र ज्वर आणि निरोगी बी-पेशीहि मरत असल्यामुळें येणारे संसर्ग हे तर जवळचे धोके. डॉक्टरांस विचारावयाचें तें याविषयीं, आणि इतक्या औषधांनंतर मुलाच्या टी-पेशी पुरेशा उरल्या आहेत काय, याविषयीं.

आजी, काका, थोरल्या आत्या, सर्वांचीं मतें चार पानांच्या पत्रांत आहेत. मुलाचें मत कोठेंच नाहीं. उत्तरीं तें कळवावें.