लहान मुलांना संधिवात कसा होतो? शरीराच्या रक्षक पेशीच जेव्हा सांध्यांवर उलटतात

संधिवात म्हटलं की गुडघे धरून जिना चढणारे आजी-आजोबा आठवतात. पण दोन वर्षांच्या बाळालाही संधिवात होऊ शकतो. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे 'जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस', अर्थात जेआयए.

नेमकं बिघडतं काय?

आजोबांचे गुडघे बहुतेकदा वयानुसार झिजलेले असतात. मुलांमध्ये मात्र गडबड रोगप्रतिकारशक्तीची असते. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी आणि मॅक्रोफेज पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरात गोळा होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. अस्तर सुजतं, सांध्यात पाणी साचतं. उपचार लांबले तर कूर्चा आणि हाडाचंही नुकसान होतं.

प्रत्येक मुलात दोषी पेशी वेगळी

जेआयएचे ७ प्रकार मानले जातात. काहींमध्ये टी पेशींचा वाटा मोठा असतो. 'सिस्टेमिक' प्रकारात मात्र रोज चढणारा ताप आणि पुरळही येतं. त्यात मोनोसाइट, मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पेशी आघाडीवर असतात. ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं.

औषधही त्यानुसारच ठरतं. सिस्टेमिक प्रकारासाठी इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली. इतर काही प्रकारांत मेथोट्रेक्सेट किंवा टीएनएफ रोखणारी औषधं दिली जातात. म्हणूनच एका मुलाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

इथे भारतासाठी महत्त्वाचा मुद्दा क्षयरोगाचा. शरीरात सुप्त असलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला टीएनएफचीच मदत होते. त्यामुळे ते रोखणारं औषध देण्याआधी टीबीची तपासणी करावी लागते.

पालकांची फसगत कुठे होते?

'वाढत्या वयातलं दुखणं आहे, जाईल' असं म्हणून अनेकदा वेळ जातो. फरक ओळखता येतो. वाढीचं दुखणं संध्याकाळी किंवा रात्री होतं, सकाळी मूल पुन्हा खेळतं आणि सांध्याला सूज नसते. जेआयएमध्ये सकाळी सांधे आखडतात, मूल लंगडतं आणि दिवस चढेल तसं मोकळं होतं. लहानग्यांना दुखतंय हे सांगताही येत नाही. ते फक्त 'उचलून घे' म्हणतात.

दुसरी फसगत रिपोर्टची. 'आरए फॅक्टर' निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात जेआयए असलेल्या बहुतांश मुलांमध्ये तो निगेटिव्हच येतो.

तिसरा धोका डोळ्यांचा. काही मुलांच्या डोळ्यांत आतून दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पण नजर जाऊ शकते. त्यामुळे निदान झालेल्या मुलांची नेत्रतज्ज्ञांकडून ठरावीक अंतराने स्लिट लॅम्प तपासणी गरजेची असते.

मुलांचे संधिवाततज्ज्ञ देशात मोजकेच आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. तरीही मूल रोज सकाळी लंगडत असेल किंवा एखादा सांधा सुजलेला दिसत असेल, तर ६ आठवडे पूर्ण व्हायची वाट पाहू नका. आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पुढे कुणाकडे जायचं ते विचारून घ्या.