एका रेषेची दुरुस्ती



या सदरातून आपण बहुधा ठेवी, वारसनोंद, कर्जफेड अशा व्यवहारांविषयी बोलत आलो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. मार्च-एप्रिल महिना उजाडला की ज्या घरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे मूल आहे, तेथे ‘प्रबंध’ हा एकच शब्द कानी पडतो. रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो, जेवणाच्या वेळा चुकतात, छपाईच्या दुकानात खेटे होतात. आईवडिलांना काळजी वाटते. पण नेमके काय चालले आहे हे बहुतेकांना उमगत नाही. मलाही उमगत नव्हते. आमच्या वेळच्या एम.कॉम.ला लेखी परीक्षा दिली की सुटलो. माझ्या पुतणीच्या निमित्ताने हा प्रकार जवळून पाहावयास मिळाला आणि त्यातील एक प्रसंग आपणापुढे ठेवावासा वाटला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात आखलेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. म्हणजे हे काम शेवटच्या महिन्यात उरकण्याचे नसून वर्षभर चालणारे आहे. विषय ठरविणे, पूर्वी त्यावर कोणी काय लिहिले ते वाचणे, प्रयोग करणे, आलेल्या आकड्यांचा अर्थ लावणे, लिहिणे आणि शेवटी परीक्षकांपुढे उभे राहून त्याचे समर्थन करणे, अशा त्याच्या पायऱ्या आहेत.

पुतणीचा विषय रसायनशास्त्राचा असला तरी आपल्या स्वयंपाकघरातला होता. आमच्याकडील विहिरींच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरा थर धरतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे हे घडते. शास्त्रात त्याला दुष्फेनता म्हणतात. कृष्णाकाठच्या काही गावांतील २४ विहिरी तिने निवडल्या. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा पाणी तपासून ऋतुमानाप्रमाणे दुष्फेनता किती बदलते, हे तिला पाहावयाचे होते.

तपासणीची रीत जुनी व खात्रीची आहे. ५० मिलिलीटर पाण्यात दर्शक घातला की पाण्याला मद्यासारखा लाल रंग येतो. मग ब्युरेटमधून ईडीटीए नावाच्या रसायनाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. लाल जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचे आणि किती द्रावण लागले ते वाचायचे. ०.०१ मोलर तीव्रतेचे द्रावण १० मिलिलीटर लागले, तर दुष्फेनता २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा नेमकी हीच आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. एका विहिरीची एका खेपेस तीन वाचने, म्हणजे दोन खेपांची मिळून १४४ वाचने तिने घेतली.

मार्चअखेरीस आलेख काढताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पहिल्या १४ विहिरींत कोठे वाढ, कोठे घट दिसत होती. शेवटच्या १० विहिरींत मात्र सरसकट वाढ होती आणि तीही जवळजवळ सारख्याच प्रमाणात. प्रथम तिला आनंद झाला, काहीतरी हाती लागले असे वाटले. मग शंका आली. वेगवेगळ्या गावांच्या विहिरी एकाच मापाने कशा वाढतील? तिने प्रयोगवही उघडली. अकराव्या फेब्रुवारीच्या पानावर तिच्याच अक्षरात दोन शब्द होते: ‘दुसरी बाटली’.

पहिले द्रावण संपल्यावर तिने फळीवरची जुनी बाटली घेतली होती. वरच्या चिठ्ठीवर तीव्रता ०.०१ लिहिलेली होती. ती प्रत्यक्ष तपासून घ्यावयाची असते. घाईत ते राहून गेले. द्रावण सौम्य असेल तर ते अधिक लागते आणि पाणी आहे त्याहून जड दिसते. ८ टक्क्यांची उणीव असेल, तर १८४ चे पाणी २०० दाखवील. एखादी विहीर मर्यादेच्या आत की काठावर, याचा निकाल एका चिठ्ठीवरच्या विश्वासाने बदलला होता. आणि बाटली तोवर रिकामी होऊन धुतली गेली होती.

प्रबंध सादर करावयास तीन आठवडे उरले होते. घरात दोन मते पडली. माझे धाकटे बंधू म्हणाले, “परीक्षक काय विहिरीवर जाऊन बघणार आहेत? आहे तसे दे आणि मोकळी हो.” तिच्या एका मैत्रिणीने सुचविले की दहाही आकड्यांना ०.९२ ने गुणून टाकावे, आलेख सरळ होईल. ती रात्री माझ्याकडे आली. “काका, बँकेत नोंद चुकली तर तुम्ही काय करत होता?”

मी सांगितले, की संगणक येण्यापूर्वी आमच्या खातेवहीत खोडरबराला व खरवडण्याला सक्त मनाई होती. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी अधिकाऱ्याने सही करायची. चूक झाली हा दोष नव्हता. ती दिसेनाशी करणे हा दोष होता. ती हसली. “आमच्या प्रयोगवहीलाही हाच नियम आहे. शाईने लिहायचे, एका रेघेने खोडायचे, तारीख घालायची.” मी विचारले, “मग अडचण कसली?” ती म्हणाली, “रेघ एका आकड्यावर मारायची नाही काका, निष्कर्षावर मारावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शक बाईंना सर्व सांगितले. त्यांनी एकच प्रश्न केला, “त्या बाटलीतले द्रावण थोडे तरी उरले आहे का?” उरले असते, तर त्याची खरी तीव्रता काढून आकडे रीतसर सुधारता आले असते. उरले नव्हते. तेव्हा ०.९२ हा आकडा तपासलेला नसून केवळ आलेख नीट दिसावा म्हणून काढलेला ठरला असता. त्यांनी तो मार्ग बंद केला.

एप्रिलच्या उन्हात ती पुन्हा त्या दहा विहिरींवर गेली. एक आटली होती. नऊ नमुने आले. नव्याने केलेल्या व तपासून घेतलेल्या द्रावणाने त्यांची परीक्षा झाली. पण एप्रिलचे पाणी फेब्रुवारीचे नव्हे. म्हणून ते आकडे मूळ तक्त्यात न घालता वेगळ्या तक्त्यात दिले. ऋतूंची तुलना फक्त १४ विहिरींपुरती उरली. प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या भागात चूक, तिचे कारण आणि वगळलेली वाचने यांवर एक परिच्छेद आला. मोठा निष्कर्ष लहान झाला.

त्या फेरीत तिने आणखी एक केले. फेब्रुवारीत एका वृद्ध बाईंना तिने “तुमचे पाणी मर्यादेबाहेर आहे” असे सांगून टाकले होते. त्यांच्याकडे जाऊन तिने आपले मोजमाप चुकल्याचे कबूल केले. त्या म्हणाल्या, “पानी तर आमी तेच पितोय की. पन सांगायला आलीस, बरं वाटलं.”

आता पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. लिहिण्याचा क्रम छापील क्रमाप्रमाणे नसावा. कार्यपद्धती प्रयोग चालू असतानाच लिहावी, मग निष्पत्ती, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सर्वांत शेवटी. संदर्भांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी. शेवटच्या रात्री ती जुळत नाही. फाइलच्या प्रती निदान दोन ठिकाणी असाव्यात. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम पदव्युत्तर प्रबंधांनाही लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत ठराविक मुदतीत, कमाल सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. मात्र संगणकाला उसने शब्द सापडतात. बनविलेले आकडे सापडत नाहीत. तेथे पहारेकरी विद्यार्थ्याचे मनच. म्हणून घरातून “कधी संपणार?” असे रोज विचारण्याऐवजी “आज काय जुळले नाही?” असे कधीतरी विचारावे. मुले बोलू लागतात.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तो वेगळा तक्ता उघडला आणि बराच वेळ त्याच पानावर प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न होता, “तुम्हाला हे कळले कसे?” तिने प्रयोगवहीतील ते पान दाखविले. तिला पहिला क्रमांक मिळाला नाही. गुण बरे मिळाले. बंधूंनी त्या दिवशी काही न बोलता पेढे आणले.

काळ्या रेक्झिनच्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची ती प्रत माझ्या हाती आली तेव्हा रसायनाची पाने मला फारशी कळली नाहीत. मुखपृष्ठानंतरचे प्रतिज्ञापत्राचे पान मात्र मी दोनदा वाचले. हे काम माझे आहे आणि त्यातील माहिती खरी आहे, अशा अर्थाचा मजकूर व खाली सही. सेवेच्या काळात मी हजारो सह्या पडताळल्या. खाली सही करणाऱ्याने वरचा मजकूर वाचलेला नाही, हे कितीदा तरी जाणवे. आपल्या घरात यंदा प्रबंध तयार होत असेल, तर छपाईपूर्वी ते एक पान मुलाशेजारी बसून सावकाश वाचावे, एवढीच विनंती.